जुना मेल सर्व्हर बंद करण्याची घाई

कंपनीचा ईमेल जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवार ठरतो. शुक्रवारी संध्याकाळी जुना बंद, सोमवारी सकाळी नवा चालू. साहेबांना असा बेत आवडतो, कारण त्याला एक तारीख असते. पण ईमेलची व्यवस्था मुळातच सवडीने चालणारी आहे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचे, नियम लिहिले तेव्हा समोरचं यंत्र कधीही बंद असू शकतं, हे गृहीतच धरलं होतं. मेल पोचला नाही तर पाठवणारा सर्व्हर तो रांगेत ठेवतो आणि पुन्हा पाठवून बघतो. हार मानण्याआधी त्याने चार-पाच दिवस तरी प्रयत्न करावेत, असं २००८ची नियमावली सांगते. म्हणजे वाटेतल्या मेलची काळजी उगाचच जास्त केली जाते. गंमत अशी, की बंद सर्व्हरपेक्षा अर्धवट तयार झालेला सर्व्हर घातक. दार बंद असेल तर पाठवणारा पुन्हा येतो. पण नव्या सर्व्हरवर एखाद्याचं खातंच उघडायचं राहिलं असेल, तर तो ‘५५०’ असं उत्तर देतो, म्हणजे असा माणूस इथे नाही, आणि मेल तिथल्या तिथे परत जातो.

खरा घोळ होतो तो सर्व्हरभोवती वर्षानुवर्षं साठलेल्या सवयींमुळे. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजचंच बघा. त्यात कंपनीतल्या सहकाऱ्याचा पत्ता आपल्याला दिसतो तसा नसतो; आत त्याची वेगळीच, लांबलचक ओळख असते आणि आउटलुक तीच लक्षात ठेवतं. जुन्या मेलबॉक्सच्या पीएसटी फायली काढून अगदी नव्या सर्व्हरवर भरल्या, की सगळे मेल दिसतात आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. मग कुणीतरी शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या महिन्यापूर्वीच्या मेलला उत्तर देतं आणि ते परत येतं. पत्ता बरोबर, नाव बरोबर, तरी माणूस सापडत नाही. उपाय साधा आहे: नव्या खात्याला जुनी ओळख ‘एक्स५००’ पत्ता म्हणून जोडायची. पण ती जुन्या सर्व्हरवरूनच वाचायची असते, आणि तो पुसून टाकला असेल तर परत आलेल्या एकेका मेलमधून ती शोधत बसावं लागतं. पीओपी वापरणाऱ्यांची तऱ्हा वेगळीच: त्यांचे मेल बहुतेकदा सर्व्हरवर नसतातच, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असतात. आणि कोपऱ्यातला स्कॅनर, पगारपत्रकं पाठवणारं सॉफ्टवेअर, यांच्यात जुन्या सर्व्हरचा आयपी पत्ता कुणी कधी भरला, हे कुणालाच आठवत नाही.

म्हणून जुना सर्व्हर लगेच बंद करू नये, चालू ठेवावा. यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा, आणि तो खरा आहे. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. असं यंत्र इंटरनेटवर उघडं ठेवणं हा निव्वळ बेजबाबदारपणा. पण चालू ठेवणं म्हणजे उघडं ठेवणं नव्हे. डीएनएसमधल्या एमएक्स नोंदीची, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा ते सांगणाऱ्या नोंदीची, मुदत आधीच ८६,४०० सेकंदांवरून ३०० वर आणावी, मग नोंद बदलावी, आणि बाहेरचे मेल नव्याकडे नीट येऊ लागले की जुन्याकडे बाहेरून येणारा रस्ता फायरवॉलवर बंद करावा. आतून मात्र तो काही आठवडे चालू राहू द्यावा, आणि त्याचा लॉग रोज वाचावा. कोण अजून त्याचं दार ठोठावतंय, याची यादी दुसरं कुणीही इतकी बिनचूक देत नाही; विभागप्रमुखांकडून भरून घेतलेले फॉर्म तर नाहीच नाही.

दुसरा आक्षेप: आता सगळं क्लाउडवर जातं, मग हा खटाटोप कशाला? क्लाउडमुळे डिस्क बदलण्याची आणि रात्रीच्या बॅकअपची चिंता मिटते, हे खरं. पण स्कॅनर ऑफिसातच राहतो. शिवाय जुने स्कॅनर पासवर्डशिवाय, जुन्या पद्धतीच्या जोडणीने मेल पाठवतात आणि क्लाउड त्यांना बहुतेकदा दारात उभं करत नाही. तिथे तर जुन्याचा लॉग वाचण्याची गरज वाढतेच. उरतो दोन यंत्रं एकाच वेळी चालवण्याचा खर्च. थोडं वीजबिल आणि लॉग वाचायला एका माणसाची रोजची अर्धी घटका, एवढाच तो आहे. जुनं यंत्र तर विकत घेऊन झालेलंच असतं.