म्हाताऱ्या मांजराची निगा

आपल्या घरी गाय असते, बैल असतो, शेळी असते. ती आजारी पडली की आपण धावपळ करतो. पण मांजराची चौकशी कोण करतो? मांजर आपले आपण येते. चुलीजवळ बसते. रात्री धान्याच्या कणगीपाशी पहारा करते आणि उंदीर धरते. असा हा बिनपगारी राखणदार आहे.

तो म्हातारा झाला, की मात्र घराला जड होतो. उंदीर धरत नाही. कोपऱ्यात ओकतो, घाण करतो. मग कोणीतरी म्हणते, "घाला पोत्यात, आणि द्या सोडून बाजाराच्या गावी."

मंडळी, असे करू नका. म्हातारे मांजर परक्या गावी जगत नाही. त्याला शिकार करता येत नाही आणि कुत्र्यांपुढे पळताही येत नाही. त्याच्या दुखण्याला पुष्कळदा उपाय असतो. तो काय, ते आज सांगतो. माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगतो.

मांजर म्हातारे केव्हा म्हणावे?

मांजराचे पहिले वर्ष म्हणजे माणसाची १५ वर्षे. दुसरे वर्ष संपले की २४ धरा. पुढे दर वर्षाला ४ मिळवा. हा अदमासाचा हिशेब आहे. १० वर्षांचे मांजर म्हणजे ५६ वर्षांचा माणूस. १५ वर्षांचे मांजर म्हणजे ७६ वर्षांचा. नीट सांभाळले तर घरचे मांजर १५ वर्षे आणि त्याहूनही जास्त जगते.

माझी चूक

आमच्या घरी मनी नावाची मांजर होती. वय १३ वर्षे. वरच्या हिशेबाने ६८. म्हणजे माझ्याहून थोरलीच!

एका थंडीत मनीने खाणे सोडले. परळापाशी यायची, वास घ्यायची आणि मागे फिरायची. मी तिच्या पोटाला हात लावला. पोट गरम लागले. मला वाटले, ताप आहे. घरात माझी तापाची गोळी होती, पॅरासिटामॉल. त्यातली अर्धी मी कुटली.

घरातून आवाज आला, "अहो, गुरांच्या डॉक्टरांना विचारा ना आधी."

मी म्हणालो, "पस्तीस वर्षं शाळा चालवली मी. मला एवढं कळत नाही होय?"

गोळी चमचाभर दुधातून पाजली. संध्याकाळी मनीच्या हिरड्या तपकिरी दिसू लागल्या. तोंड सुजले. तिला धाप लागली. सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात नेले, पण उशीर झाला होता. मनी गेली.

डॉक्टरांनी तिचे तोंड उघडून मला दाखवले. एका दाढेच्या मुळाशी पू झाला होता. ते म्हणाले, "गुरुजी, दाढ दुखत होती म्हणून ती खात नव्हती. दाढ काढली असती, तर बरी झाली असती. तुमच्या गोळीने घात केला."

त्या दिवशी मी पुन्हा विद्यार्थी झालो.

गोळीने घात का केला?

डॉक्टरांनी दोन गोष्टी समजावल्या. पहिली ही. माणसाच्या अंगाची उष्णता सुमारे ९८.६ अंश फॅरनहाइट असते. निरोगी मांजराची साधारण १०० ते १०२ अंश असते. म्हणून चांगले मांजरही आपल्या हाताला गरमच लागते. ताप हाताने कळत नाही. त्याला थर्मामीटर लागतो.

दुसरी गोष्ट अशी. ही गोळी आपल्या पोटात गेली, की आपले यकृत, म्हणजे काळीज, ती निकामी करून बाहेर टाकते. मांजराच्या यकृताला ते काम जमत नाही. मग गोळीचे विष होते. रक्त बिघडते आणि ते अंगभर प्राणवायू नेऊ शकत नाही. एका गोळीनेही मांजर मरू शकते. अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्याही मांजराला घातक आहेत. चुकून गोळी पोटात गेलीच, तर रात्र जाऊ देऊ नका. तडक दवाखाना गाठा. वेळेवर नेले तर उपचार होतो.

मांजर बोलत नाही, मग दुखणे कसे ओळखावे?

मांजर दुखणे लपवते. कण्हत नाही, ओरडत नाही. गप्प बसून राहते. म्हणून आपणच डोळे उघडे ठेवावेत.

पाणी. मांजर एकाएकी फार पाणी पिऊ लागले, फार मुतू लागले आणि वाळत चालले, तर मूत्रपिंडाचा रोग असू शकतो. म्हाताऱ्या मांजरांना हा रोग फार होतो. मधुमेहातही अशीच तहान लागते. मूत्रपिंड एकदा खराब झाले की पुन्हा नवे होत नाही. पण रोग लवकर ओळखला, तर पथ्याने आणि औषधाने मांजर पुढे बरेच दिवस सुखाने जगते.

वजन. मांजर खूप खाते आणि तरी वाळते, तर गळ्यातल्या थायरॉइड नावाच्या गाठीचा रोग असू शकतो. हे डॉक्टर रक्त तपासून सांगतात.

तोंड. तोंडाला घाण वास येतो, लाळ गळते, खाताना मान एका बाजूला कलते. तर दात पाहून घ्या.

पाय. मांजर ओट्यावर उडी मारत नाही, जिना चढत नाही. हा आळस नव्हे. सांधे दुखत असतात.

डोळे. उजेडातही बाहुल्या मोठ्याच राहतात आणि मांजर भिंतीला धडकते. दृष्टी गेली असेल. रक्ताचा दाब वाढल्यानेही असे एकाएकी होते.

लघवी. बोका पुन्हापुन्हा बसतो, जोर करतो, पण थेंब पडत नाही. मूतमार्ग तुंबला आहे. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. दोन दिवस थांबलात, तर तो जगणार नाही.

आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा इथे उपयोग करा. महिन्यातून एकदा मांजराला पिशवीत घालून दुकानातल्या काट्यावर तोला. रिकाम्या पिशवीचे वजन वजा करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा : "मनी, ४ किलो." पुढच्या महिन्यात साडेतीन भरले, तर सावध व्हा. अर्धा किलो म्हणजे थोडे नव्हे. चार किलोतला तो आठवा भाग. साठ किलोच्या माणसाचे साडेसात किलो उतरावे, तसेच ते आहे.

घरी काय करावे?

मांजर मांस खाणारा प्राणी आहे. नुसत्या भाकरीवर आणि वरणभातावर त्याचे पोषण होत नाही. उकडलेले अंडे, काटे काढलेली मासळी, हाड काढलेले कोंबडीचे मांस द्यावे. दात नसतील तर कुसकरून, कोमट करून द्यावे. मीठमसाला नको. कांदा-लसूण घातलेला रस्सा तर मुळीच नको. कांद्याने मांजराचे रक्त बिघडते. खारी सुकट रोज देऊ नये. मोठ्या मांजराला पुष्कळदा दूध पचत नाही, हगवण लागते. दुधापेक्षा पाणी द्या. घरात दोन-तीन जागी ताज्या पाण्याचे वाडगे ठेवा. रोगी मांजराला काय खायला घालावे, ते डॉक्टरांना विचारा.

झोपायला उबेची जागा द्या. खोक्यात घोंगडीचा तुकडा घाला. खोके जमिनीवरच ठेवा, म्हणजे उडी मारावी लागणार नाही. जवळच पसरट घमेल्यात माती घालून ठेवा. म्हातारे मांजर मुद्दाम घाण करत नाही. त्याला बाहेरपर्यंत जाववत नाही. त्याला मारू नका.

म्हातारपणी नखे झिजत नाहीत. वाढून वळतात आणि तळव्यात रुततात. ती पाहत जा. केसांच्या गाठी झाल्या, तर हलक्या हाताने सोडवा.

मांजर आपले अंग चाटते. म्हणून फिनेल, रॉकेल, गुरांच्या गोचिडांचे औषध किंवा कुत्र्याच्या पिसवांचे औषध त्याच्या अंगाला लावू नका. ते सारे चाटून पोटात जाते. उंदरांना विष घालतानाही विचार करा. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर म्हाताऱ्या मांजराला सहज सापडतो, आणि मग त्यालाही विष बाधते.

दुखणाईत मांजर धरायला गेले तर चावते. चावले किंवा ओरबाडले, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. हळद, चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा. मांजरही पिसाळते आणि पिसाळी रोगाला मग औषध नाही. म्हणून मांजराला दरवर्षी त्याची लस टोचून घ्या.

डॉक्टरकडे नेताना मांजर खोल पाटीत ठेवा आणि वर कापड बांधा. हवा मात्र लागू द्या. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. तिथेही विचारता येते.

काही दुखणी बरी होत नाहीत. तसे डॉक्टरांनी सांगितले, तर त्याला ऊब द्या, पाणी द्या, जवळ बसा. फार हाल होत असतील, तर काय करावे ते डॉक्टरांनाच विचारा. पण ज्या घराचे दाणे त्याने राखले, त्या घरातून त्याला हाकलू नका.

आमच्या घरी आता मनीचीच लेक आहे. तीही दहा वर्षांची झाली. माझ्या गोळ्यांचा डबा आता कुलपात असतो.

लक्षात ठेवा

१. माणसाची गोळी मांजराला देऊ नका.
२. हात लावून ताप ठरवू नका.
३. पाणी, खाणे आणि लघवी यांवर लक्ष ठेवा.
४. दर महिन्याला वजन करा आणि लिहून ठेवा.
५. मांजराने एक दिवस काहीच खाल्ले नाही, तर डॉक्टरांना विचारा.