कप्तानकीचा परवाना : लेखांक ३
दिवस मोजायचे, तेही पुराव्यानिशी

पैसे घेऊन सहापर्यंत प्रवासी बोटीतून न्यायचे असतील, तर अमेरिकेत ओयूपीव्ही परवाना लागतो. बोटवाले त्याला ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. वय आणि वैद्यकीय तपासणीबद्दल गेल्या आठवड्यात पाहिलं. आजचा विषय सी-टाइम, म्हणजे पाण्यावर काढलेल्या दिवसांची नोंद. वर्षानुवर्षं बोट चालवून हात चांगला बसलेला असतो, पण कागदावर त्याची खूण नसते, अशी माणसं इथेच अडतात.

परवाना देणाऱ्या कोस्ट गार्डला एकूण ३६० दिवसांचा अनुभव हवा असतो. त्यातले ९० दिवस अर्जाआधीच्या तीन वर्षांतले असावे लागतात. बाकीचे त्याहून जुने चालतात. किनाऱ्यापासून १०० मैलांपर्यंत जाण्याची मुभा देणारा ‘नियर कोस्टल’ परवाना हवा असेल, तर ९० दिवस खुल्या समुद्रातलेही लागतात. चेसापीक बेमध्ये ३६० दिवस काढलेल्याला इनलँड परवाना मिळू शकतो, पण तेवढ्यावर नियर कोस्टल मिळत नाही. म्हणून आपण नेमक्या कुठल्या पाण्यात होतो, हे पहिल्यापासून लिहून ठेवायला हवं.

नियमात एक दिवस म्हणजे आठ तास. १०० टनांखालच्या बोटींना यात सवलत मिळू शकते, पण चार तासांच्या खाली ती कधीच जात नाही. शनिवारी दोन तास आणि रविवारी दोन तास मिळून एक दिवस होत नाही. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर दिवसभर रंगकाम केलं, तरी तो दिवस धरला जात नाही.

हे सगळं ‘सीजी-७१९एस’ या फॉर्ममध्ये भरायचं असतं. प्रत्येक बोटीसाठी वेगळा फॉर्म. वर बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, लांबी, टनभार आणि तुमचं काम. त्याखाली वर्ष आणि महिना यांचे चौकोन; कुठल्या महिन्यात किती दिवस, ते प्रत्येकात भरायचं. मग सरासरी किती तास, किनाऱ्यापासून किती दूर, अंतर्गत पाणी आणि खुला समुद्र यांच्यामधल्या हद्दरेषेच्या आत किती दिवस आणि बाहेर किती. बोट स्वतःची असेल तर मालकीचा पुरावा जोडून सही तुम्हीच करायची. दुसऱ्याची असेल तर मालकाची किंवा कप्तानाची सही घ्यायची.

कुणाच्याही बोटीवर काम करत असाल, तर हंगाम संपला की त्याच आठवड्यात फॉर्म भरून सही घ्या. पाच वर्षांनी मालक बोट विकून दुसऱ्या राज्यात गेलेला असतो आणि तुमचे चांगले दिवस त्याच्याबरोबर जातात.

रोजची वहीही ठेवा. एवढी एक ओळ पुरते : ‘१४ जून. निघालो ६.४०, परत १२.१५. ॲनापोलिस ते थॉमस पॉइंट दीपगृह आणि परत. वारा नैर्ऋत्येचा. सुकाणूवर मी.’ साडेपाच तास झाले, तारीख आहे, ठिकाण आहे, काम आहे. वर्षअखेरी फॉर्मचे चौकोन या वहीवरून बिनचूक भरता येतात. वही नसेल तर अंदाज सुरू होतो, आणि अंदाज नेहमी आपल्याच बाजूने झुकतो.

सहा महिन्यांच्या हंगामात दर शनिवार-रविवार बोटीवर गेलात, तर वर्षाला पन्नासेक दिवस होतात. म्हणजे ३६० गाठायला सात वर्षं. त्यामुळे आकडे फुगवण्याचा मोह होतो. या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा आहे. पण मला त्याहून मोठी वाटते ती प्रवाशांची बाजू. वारा फिरल्यावर कप्तान काय करेल, हे बोटीत बसणाऱ्या सहा जणांना जोखता येत नाही. ते परवान्यावर विश्वास टाकतात, आणि परवाना उभा असतो तुम्ही लिहिलेल्या दिवसांवर. न काढलेला प्रत्येक दिवस त्यांच्या सुरक्षिततेतून वजा होतो.

ग्रीन कार्डवर राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी : हा परवाना नागरिक नसलेल्यांनाही मिळू शकतो, मात्र कोस्ट गार्डकडे दस्तनोंदणी नसलेल्या बोटींपुरताच. बोट निवडण्याआधी तिची नोंदणी कुठे आहे ते पाहा.

या आठवड्यात एवढं करा : आजवर काम केलेल्या बोटींची यादी करा, प्रत्येकीपुढे मालकाचं नाव लिहा, आणि ज्यांची सही राहिली आहे त्यांना फोन लावा.

(पुढील लेखांकात : लेखी परीक्षा, आणि वाहतुकीच्या नियमांच्या पेपरात ९० टक्के कसे मिळवावेत.)