सरईचं तूप

गोंदिया-बालाघाट ओलांडून बैहरचा घाट चढलं, की सागाचं राज्य मागे पडतं आणि सरईचं रान सुरू होतं. सरई म्हणजे साल वृक्ष. मुक्की, सुपखार, कान्हा हा सगळा त्याचाच मुलूख. महाराष्ट्रात तो जवळपास नाहीच, तरी देवघरात जाळायची राळ त्याचीच. त्याच्या बियांचं तूप मात्र आपण न ओळखता वापरतो. क्रीम, लिपस्टिक किंवा केसांच्या मास्कच्या डबीवर बारीक अक्षरांत ‘शोरिया रोबस्टा सीड बटर’ असं लिहिलेलं असतं, ते हेच.

सरईला मार्चच्या सुमारास बहर येतो आणि मे-जूनमध्ये फळं गळतात. प्रत्येक फळाला पाच पंख असतात, तीन लांब आणि दोन आखूड. वारा आला की ती भिंगरीसारखी गरगरत खाली येतात. या बीला दम नाही. जमिनीवर पडल्यावर आठवडाभरातच तिची उगवणशक्ती संपते, आणि पहिला पाऊस लागला तर लगेच कोंब फुटतो. कोंब फुटला की आतली चरबी बिघडू लागते, आम्लता वाढते, तेल काळपट पडतं. म्हणजे बी गळणं आणि मृग बरसणं यांच्यामधले थोडे दिवस काय ते हातात. मुलायमपणाचं श्रेय जाहिराती प्रयोगशाळेला देतात. माझ्या मते निम्मं काम या दिवसांतच होतं किंवा बिघडतं.

वेचणारे मुख्यतः गोंड आणि बैगा, त्यातही बायका-मुलं जास्त. बी झाडून ढीग करायचा, वाळवायचा, मग पंख काढायचे. एकेक पंख खुडत बसायला वेळ कुणाला? म्हणून ढिगाला आग लावतात. पंख जळून जातात, टरफल तडकतं, मग काठीने बडवून डाळ वेगळी करतात. आग जरा जास्त झाली की डाळ करपते आणि तेलाचा रंग खालावतो, पण हाताने सोलून आणलेल्या मालाला जास्तीचा भाव मिळणार नसेल, तर आगीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. 2018 साली केंद्राने सालबीजाचा हमीभाव किलोला 20 रुपये ठरवला. शिवाय दरवर्षी बी सारखं धरत नाही, आणि 1990च्या दशकाच्या शेवटी खोडकिड्याने मध्य प्रदेशातल्या सालवनांची मोठी हानी केली, तेव्हा लाखो झाडं तोडावी लागली.

डाळीत चरबी जेमतेम 14 ते 18 टक्के. भुईमुगात 45च्या वर असते. त्यामुळे घाण्यावर काही परवडत नाही. हेक्झेनसारख्या द्रावकाने ती ओढून काढावी लागते, मग शुद्ध करून रंग-वास घालवायचा. हाती येतं ते घट्ट, फिकट तूप. त्यात स्टिअरिक आम्ल साधारण 44 टक्के, ओलेइक 40च्या आसपास. पहिल्यामुळे क्रीमला अंग येतं, दुसऱ्यामुळे ती सहज पसरते. वितळतं ते अंगाच्या उष्णतेला, 35 अंशांच्या आसपास. डबीत घट्ट आणि बोटावर पातळ, ही करामत त्यामुळेच. कोकोआ बटरही असंच वागतं, म्हणून युरोपात चॉकलेटमध्ये 5 टक्क्यांपर्यंत चालणाऱ्या सहा वनस्पतिज चरब्यांत साल आणि आपलं कोकमही आहे.

केसांच्या बाबतीत मात्र थोडं हात राखून बोलावं. ओल्या केसावर ऋण भार असतो. त्याला चिकटून गुंता सोडवणारं खरं काम कंडिशनरमधले धन भाराचे घटक करतात. तूप केसावर पातळ थर देतं, घर्षण कमी करतं, ओलावा टिकवतं. कोरड्या, राठ केसांना ते मानवतं. पातळ, तेलकट केस मात्र चपटे पडतात. सरई वेचणाऱ्या घरांत डोक्याला पूर्वापार लागत आलं ते मोहाच्या बियांचं तेल. ते घाण्यावर निघतं, त्याला कारखाना लागत नाही.

घरी साल बटर आणलंत आणि ते रवाळ झालं, तर फेकू नका. वितळलेली चरबी सावकाश थंड झाली की तिचे मोठे स्फटिक बनतात. पाण्यावर ठेवून एकही कण न राहील इतकं वितळवा आणि डबी लगेच फ्रिजमध्ये ठेवा.