कळा सोसायच्या की पाठीत सुई घ्यायची?

कल्याण-ठाण्याच्या खासगी दवाखान्यात नाव घातलेली एखादी भाची गावी आली की ओटीवर हा विषय हमखास निघतो. "तिकडे म्हणे पाठीत सुई देतात आणि कळा कळतच नाहीत." त्यावर कोणी म्हणते, "असल्या सुईने जन्मभर कंबर धरते." तिसरी म्हणते, "आमची चार बाळंतपणे घरातच झाली, आम्हाला कोणी दिली होती सुई?" आठव्या महिन्यातली सून मात्र कोपऱ्यात बसून ऐकत असते. कळा तिला यायच्या आहेत, पण तिचे मत कोणी विचारीत नाही. हा लेख आधी तिने वाचावा, मग घरातल्या बाकीच्यांनी.

या सुईला डॉक्टर एपिड्युरल म्हणतात. कमरेच्या मणक्यांच्या फटीतून सुई नेऊन आत एक बारीक नळी ठेवतात आणि सुई काढून घेतात. नळी पाठीला चिकटपट्टीने लावलेली राहते. तिच्यातून औषध थोडे थोडे सोडले की साधारण पंधरा-वीस मिनिटांत कळा बोथट होतात. बाई जागी असते, बोलते, बाळाचे पहिले रडणे ऐकते. नळी बसवताना मात्र कळ चालू असली तरी पाठ वाकवून स्थिर बसावे लागते.

आता तिचे गुणदोष. आजवर कळा थांबवण्याचे जेवढे उपाय निघाले, त्यांत हा सर्वांत खात्रीचा. या सुईमुळे सिझेरियन वाढते असा समज आहे, पण मोठ्या पाहण्यांत तसे आढळलेले नाही. मात्र शेवटचा जोर करण्याचा वेळ थोडा लांबतो आणि कधी बाळाला चिमट्याने किंवा व्हॅक्यूमने बाहेर घ्यावे लागते. रक्तदाब एकदम उतरू शकतो, अंगाला खाज सुटते, थंडी भरते, लघवीसाठी नळी घालावी लागते. शंभरात एखादीला नंतर काही दिवस डोके फार दुखते, त्यावर इलाज आहे. रक्त गोठत नसेल, पाठीवर गळू असेल किंवा फार रक्तस्राव होत असेल तर ही सुई देत नाहीत. उलट रक्तदाब वाढलेल्या किंवा हृदयाचा आजार असलेल्या बाईला डॉक्टर कधी आपणहून ती सुचवतात, कारण कळांचा ताण तिला झेपत नाही.

आणि कंबर? सुईच्या जागी चार-आठ दिवस ठणकते, हे खरे. जन्माची कंबर त्या सुईने धरत नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती सुई घेतलेलीची आणि न घेतलेलीचीही. महिन्याभरात डोक्यावर हंडा आणि पुढच्या पावसात दिवसभर वाकून भातलावणी, याचा दोष सुईवर ढकलणे सोपे पडते, एवढेच.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे "कळांची सुई" म्हणून एक दुसरीच सुई चालते आणि नावाच्या घोटाळ्याने बायका फसतात. ती कळा मारीत नाही, वाढवते. तिचे नाव ऑक्सिटोसिन. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून काही जण चोरून देतात, तीच ही. दवाखान्यात सलाइनमधून थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत ती देतात, तेव्हा ती उपयोगी असते. बाळ बाहेर आल्यावर रक्तस्राव थांबावा म्हणून नर्सबाई ती देते, तेव्हा तर ती जीव वाचवते. पण बाळ पोटात असताना, घरी, "लवकर मोकळी होईल" म्हणून कोणी दंडात टोचली, तर गर्भाशय फाटू शकते आणि बाळ गुदमरते. असली सुई घेऊन कोणी दारात आला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

कळा कमी करणे म्हणजे देवाच्या करणीत हात घालणे, असे म्हणणारेही आहेत. विलायतेतही होते. 1847 साली एडिंबरोच्या डॉक्टर सिम्प्सन यांनी बाळंतिणीला क्लोरोफॉर्म दिला तेव्हा बराच वाद झाला. 1853 साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने आपल्या बाळंतपणात तो हुंगला आणि वादाची धार गेली. त्याच शतकात आपल्या कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहाव्या दिवशी गेले. पुढे त्या अमेरिकेत शिकून 1886 साली डॉक्टर झाल्या. तिथे प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला तो जुन्या हिंदू प्रसूतिशास्त्राचा. बाळंतपण हा अभ्यासाचा विषय आहे, नुसता सोसण्याचा नाही, हे या भागातल्या मुलीने तेव्हा ओळखले होते.

मग आटगावच्या बाईला ही सुई मिळेल का? सरळ सांगायचे तर जवळपास मिळणे कठीण. ती देणारा भूलतज्ज्ञ नळी बसवून निघून जाऊ शकत नाही. बाळ होईपर्यंत, म्हणजे कित्येक तास, कोणीतरी जाणता माणूस रक्तदाबावर आणि बाळाच्या ठोक्यांवर नजर ठेवून हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात भूलतज्ज्ञ नसतो. तालुक्याला असला तरी सिझेरियनच्या कामात गुंतलेला. तानसा-भातसाचे पाणी आपल्या शहापूर तालुक्यातून मुंबईला पोचते, पण तिथली भूल इकडे पोचत नाही. कल्याण-ठाण्याच्या मोठ्या खासगी दवाखान्यांत ती मिळते, तिचा आकार बाळंतपणाहून वेगळा लावतात. ऐपत असेल आणि बाईला हवी असेल तर तिने ती बिनदिक्कत मागावी. सातव्या महिन्यातच विचारावे: रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ हजर असतो का, पैसे किती? "सोसत नाही का?" असे घरच्यांनी म्हणू नये. दात उपटताना आपण सुई मागतोच की.

सुई मिळणार नसेल किंवा नको असेल, तरी बाईला नुसते सोसत पडायचे नाही. सर्वांत मोठा आधार माणसाचा. अनेक देशांतल्या 15 हजारांहून अधिक बाळंतिणींच्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा दिसले की शेवटपर्यंत एक माणूस जवळ असले तर कळांचा वेळ थोडा कमी होतो, सिझेरियन कमी होतात आणि दुखणे थांबवण्याची औषधेही कमी लागतात. सरकारी दवाखान्यातही बाळंतिणीजवळ एक सोबतीण ठेवण्यास केंद्र सरकारने 2016 साली मुभा दिली आहे. तेव्हा "बाहेर थांबा" म्हटले तरी नम्रपणे विचारा. आणि सोबतीण कोण, हे सुनेने ठरवावे. जिच्याजवळ तिला रडता येईल तिलाच न्यावे, मग ती आई असो, जाऊ असो की सासू.

सुरुवातीच्या कळांत पडून राहू नये. चालावे, भिंतीला टेकून झुलावे, कुशीवर निजावे. सोबतिणीने माकडहाडावर तळहाताने दाबून धरावे, कोमट पाण्याचा शेक द्यावा, घोट घोट पाणी किंवा पेज द्यावी. कळ आली की तोंडाने सावकाश श्वास सोडावा. आपल्याकडे पहिल्या कळेपासून "जोर कर, जोर कर" असा गलका करतात, तो बंद झाला पाहिजे. पिशवीचे तोंड पुरते उघडण्याआधी जोर केला तर बाई दमते आणि खऱ्या वेळी ताकद उरत नाही. वरून पोट दाबणे तर कधीच नको.

खरे म्हणजे आपल्या भागात सुईपेक्षा मोठा प्रश्न आहे तो वेळेवर पोचण्याचा. आटगाव महामार्गालगत आहे, स्टेशनही आहे. पण पाड्यावरून महामार्गापर्यंतची वाट आषाढात काय होते ते तुम्ही जाणता. लोकलच्या भरवशावर रात्री राहू नये. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जायचा रिवाज चांगला, पण माहेरच्या पाड्याला रस्ता नसेल तर तारखेच्या आठ-पंधरा दिवस आधी सडकेलगतच्या नातेवाइकाकडे मुक्काम करावा. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत यासाठी "माहेरघर" असते. आपल्या केंद्रात आहे का, हे आशाताईला विचारा.

हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर गोळ्या चुकवू नका, आणि 7 च्या खाली असेल तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवे. पाणी हिरवट गेले, रक्त गेले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट न पाहता निघा. गाडीसाठी 108 किंवा 102 फिरवा. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सारे फुकट आहे. परतीची गाडीही त्यातच येते. ती मागितल्याशिवाय बाळंतिणीला ओल्या अंगाने जीपच्या मागच्या फळीवर बसवून आणू नका.