पादोवाचं पत्र : लॉरेलची पानं आणि भिंतीवरचा कागद

इटलीतल्या पादोवा विद्यापीठात आमच्या लेकीला पदवी मिळायला पाऊण तासही लागला नाही. पंधरा मिनिटं तिने प्रबंध मांडला, परीक्षकांनी दोन-चार प्रश्न विचारले. मग आम्हा सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं. परत बोलावलं तेव्हा सारे परीक्षक उभे होते. अध्यक्षबाईंनी ११० पैकी गुण सांगितले (इथे शंभर नव्हे, एकशेदहा!), लेकीला ‘दोत्तोरेस्सा’, म्हणजे पदवीधर, म्हणून जाहीर केलं, ओळीने हस्तांदोलन झालं, संपलं. काळे झगे नाहीत, पाहुण्यांचं भाषण नाही, हातात सर्टिफिकेटसुद्धा नाही. ते मागाहून मिळतं. साताऱ्याहून आलेल्या आमच्या ह्यांनी हळूच विचारलं, “झालं?”

झालं नव्हतं. विद्यापीठाने घोषणा केली की त्याचं काम संपतं. सोहळा करायचा तो घरच्यांनी आणि मित्रांनी, तोही रस्त्यावर.

दाराबाहेर पाऊल टाकताच मैत्रिणींनी तिच्या डोक्यावर लॉरेलचा मुकुट चढवला. हिरवीगार पानं आणि मागे लोंबणारी लाल फीत. इटालियन भाषेत पदवीला ‘लाउरेआ’ म्हणतात, तो शब्द या पानांवरूनच आला. मी एक पान चुरगळून हुंगलं. आपल्या तमालपत्राचा भाऊबंद वाटावा असा वास, पण जास्त हिरवा, किंचित कापरासारखा. हा मुकुट दिवसभर उतरवायचा नसतो. ती तो घालून बसमध्ये चढली, तर अनोळखी आजीबाईंनी तिचा हात धरून अभिनंदन केलं. आम्ही लाल रंगाचे साखरेत घोळवलेले बदाम वाटत होतो. पदवीच्या दिवशी ते लालच हवेत.

आणि मग ‘पापिरो’. ही पादोवाकडची खास प्रथा. पदवी मिळवणाऱ्याचं व्यंगचित्र आणि त्याखाली जन्मापासूनची कुंडली यमकांत लिहिलेला भलामोठा कागद मित्र गुपचूप तयार करतात. तो भिंतीवर लावतात आणि ज्याचा त्याने मोठ्याने वाचायचा. चुकलं की दारूचा घोट. मधूनमधून ‘दोत्तोरे, दोत्तोरे’चा गजर, ज्याचे पुढचे शब्द मी इथे लिहू शकत नाही. मजकूरही बराचसा चावट असतो. “आई, बाबांना सगळ्याचा अर्थ विचारू देऊ नकोस,” असं लेकीने आदल्या रात्रीच बजावलं होतं.

चित्रात तिच्या डोक्यावर मुकुटाऐवजी कुकर होता. पहिल्या आठवड्यात तिने वरण-भात लावला, तेव्हा शिट्टी ऐकून तिच्यासोबत राहणाऱ्या मुली जिन्यात पळाल्या होत्या म्हणे. त्यावर आम्हीही पोटभर हसलो. पण शेवटच्या ओळी आमच्यासाठी मुद्दाम इंग्रजीत लिहिल्या होत्या. पहिल्या हिवाळ्यात ती रोज संध्याकाळी नदीच्या पुलावर जाऊन रडायची, आणि डोळे पुसून झाले की घरी फोन लावायची. एक मैत्रीण आजारी पडली तेव्हा तीन रात्री तिच्या उशाशी बसली. आम्हाला फोनवर दोन वर्षं एकच उत्तर मिळत होतं, “मजेत आहे.” वाचताना तिचा आवाज अडखळला, पण या वेळी कुणी घोट पाजला नाही. आमच्या लेकीची दोन वर्षं आम्हाला त्या भिंतीवर वाचायला मिळाली. त्या मुलांचे आभार मानायला माझ्याकडे इटालियन शब्द नव्हते, म्हणून मी एकेकाला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी ‘पालाझ्झो बो’ पाहिला. १२२२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची ही जुनी वास्तू. गॅलिलिओ १५९२ ते १६१० या काळात या विद्यापीठात शिकवत होता. पण मी थांबले ती जिन्याच्या पायथ्याशी, इथे डॉक्टरेट मिळवणाऱ्या एलेना कोर्नारो पिस्कोपियाच्या पुतळ्यापाशी. लेकीला डॉक्टरेट मिळावी हा तिच्या वडिलांचा ध्यास होता. बाईला धर्मशास्त्राची पदवी द्यायला बिशप बार्बारिगो यांनी नकार दिला, तेव्हा तत्त्वज्ञानाची मागितली. २५ जून १६७८ रोजी परीक्षेला एवढी गर्दी लोटली, की ती कॅथेड्रलमध्ये घ्यावी लागली. तिच्याही डोक्यावर लॉरेल चढला. मात्र त्यानंतर पादोवाने बायकांना दार बंद केलं. इटलीत पुढच्या बाईला डॉक्टरेट मिळाली ती १७३२ साली, बोलोन्यात, लाउरा बास्सीला.

तिथे उभी असताना मला आनंदीबाई जोशी आठवल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या होत्या. आपलं माणूस समोर असावं म्हणून त्या काळात त्यांनी एवढा प्रवास केला.

म्हणून परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांना कळकळीने सांगते : “एवढा खर्च कशाला, फोटो पाठवीन” असं मुलं म्हणतील, ऐकू नका. इथे पदवीचा नेमका दिवस आणि वेळ उशिरा कळते. तेव्हा पदवीचे ते सगळे आठवडे धरून शेंगेन व्हिसाचा अर्ज करा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.