घरगुती हिरवळीतील मातीचे वायुवीजन : आनेकलच्या लाल मातीच्या संदर्भात

बंगळुरूच्या दक्षिणेस, तमिळनाडूच्या सीमेला लागून असलेला आनेकल तालुका पूर्वापार नाचणीचा. चंदापुरा, अत्तिबेले, जिगणी या पट्ट्यात कारखाने व वसाहती वाढल्या, तशी अनेक शेतांच्या जागी घरे आणि घरांपुढे हिरवळ आली. जमीन मात्र तीच राहिली. नाचणीचे शेत दरवर्षी नांगरले जाते, उभ्या पिकात कोळपणी होते. हिरवळ हे त्याच मातीत वर्षानुवर्षे न नांगरता उभे राहणारे पीक आहे, शिवाय त्यावर माणसांचा सतत वावर असतो. दोन-तीन वर्षांनी गवत विरळ व पिवळसर होते, तेव्हा उपाय म्हणून युरिया आणि अधिक पाणी दिले जाते. माती दबलेली असल्यास दोन्ही बव्हंशी वाया जाते.

लाल मातीतील चिकणकण मुख्यतः केओलिनाइट प्रकारचे असतात. काळ्या मातीप्रमाणे ते फुगत व आकसत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात भेगा पडून माती आपोआप मोकळी होण्याची सोय येथे नाही. सेंद्रिय कर्ब कमी असल्याने पावसाच्या माऱ्याने पृष्ठभाग बसतो आणि वाळल्यावर टणक होतो. त्यात बांधकामाची भर पडते. वरची माती खरवडली जाते, यंत्रांच्या चाकांखाली खालचा थर दबतो आणि शेवटी त्यावर विकतची माती पातळ पसरून गवत लावले जाते. मुळे या दोन थरांच्या सांध्यावर अडतात. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो. मातीच्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी साचले, तर त्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी मंद गतीने पसरतो. म्हणूनच दबलेल्या जागी वरचेवर पाणी दिल्यास मुळे अधिकच गुदमरतात.

पाण्याचा प्रश्न या भागात केवळ बागकामाचा राहिलेला नाही. मार्च २०२४ मधील टंचाईत बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने बागेसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घालून ५००० रुपये दंड ठेवला होता. दबलेल्या हिरवळीवर दिलेले पाणी मुळांपर्यंत न पोहोचता फरसबंदीवरून गटारात जाते.

निदान सोपे आहे. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी पेन्सिलीएवढ्या जाडीची लोखंडी सळई हाताच्या जोराने मातीत दाबून पाहावी. ती १० सेंमी सहज गेली तर छिद्रे पाडण्याची गरज नाही. ४-५ सेंमीवर अडली तर आहे. एका कोपऱ्यात वीतभर गवत मातीसह उचलून मुळांची लांबीही मोजून ठेवावी.

छिद्रे पाडण्यासाठी पोकळ दात्यांचे अवजार वापरावे, कारण त्याने मातीची गुळी बाहेर निघते. खिळ्यांचे बूट किंवा भरीव सळई माती काढत नाहीत, बाजूला दाबतात. ओल्या मातीत छिद्राची भिंत अधिकच घट्ट होते. पोकळ दाते उपलब्ध नसल्यास बागेतील काटा खोल रोवून मागेपुढे हलवावा. हा दुय्यम पर्याय आहे. छिद्रे दीड सेंमी व्यासाची, ८ ते १० सेंमी खोल आणि एकमेकांपासून १० सेंमी अंतरावर असावीत. या मापाने एका चौरस मीटरात शंभर छिद्रे पडतात आणि जेमतेम पावणेदोन टक्के पृष्ठभाग मोकळा होतो. एका खेपेत जमीन बदलेल ही अपेक्षा त्यामुळे चुकीची ठरते. वर्दळीच्या जागी हे काम दरवर्षी करावे लागते.

वळवाच्या सरींनंतर, मेअखेर ते जून, गवत जोमाने वाढत असताना हे काम करावे. माती मुठीत दाबल्यास गोळा व्हावी, पण हाताला चिकटू नये. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावलेली असते, तेव्हा छिद्रे पाडू नयेत. नवी लावलेली हिरवळही पहिले वर्ष सोडावी. निघालेल्या गुळ्या वाळल्यावर दाताळ्याने फोडून तेथेच पसराव्यात. लव्हाळा असेल तर मात्र गुळ्या गोळा करून बाहेर टाकाव्यात, अन्यथा त्यांतील गाठी हिरवळभर पसरतील.

त्यानंतर चाळलेले कंपोस्ट व जाडसर वाळू समप्रमाणात मिसळून अर्धा सेंमी थर पसरावा व झाडूने छिद्रांत लोटावा. शंभर चौरस मीटरला अर्धा घनमीटर मिश्रण पुरते. हे वगळल्यास छिद्रे थोड्याच काळात बुजतात. नुसती बारीक वाळू किंवा पुन्हा लाल माती टाकण्याची पद्धत आढळते. ती टाळावी, कारण त्याने आणखी एक थर तयार होतो.

अनेक वसाहतींत हिरवळीला सांडपाणी प्रकल्पातील शुद्ध केलेले पाणी दिले जाते. पाणीबचतीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु त्यात सोडियम अधिक असल्यास मातीचे कण विखुरतात आणि पृष्ठभाग पुन्हा बसतो. अशा ठिकाणी पाणी व मातीचे परीक्षण करून घ्यावे आणि जिप्समचा निर्णय अहवाल पाहूनच घ्यावा.

सहा ते आठ आठवड्यांनी आधीच्या जागेशेजारी पुन्हा वीतभर गवत उचलून मुळे मोजावीत. ती जुन्या छिद्रांतून खाली उतरलेली दिसली, तर दोन पाण्यांतील अंतर एकेक दिवसाने वाढवण्यास हरकत नाही.