जमीन कोणाची? ब्लॅक हिल्सचा न सुटलेला प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण जॉन लॉकचा मालमत्तेचा सिद्धान्त पाहिला. माणूस आपले श्रम निसर्गात मिसळतो आणि म्हणून ती वस्तू त्याची होते, हा त्याचा गाभा. हे प्रकरण आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवलं. मुलं उत्तरं लिहायची, आम्ही गुण द्यायचो. पण त्या प्रकरणात लॉक पुन्हा पुन्हा अमेरिकेचं उदाहरण का घेतो, हा प्रश्न आम्ही एकदाही परीक्षेत विचारला नाही. आज त्या राहून गेलेल्या प्रश्नाकडे वळू या.

लॉकच्या लेखी नांगरलेली जमीन मालकीची, न नांगरलेली पडीक. आता ही व्याख्या घेऊन उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानात चला. तिथे लकोटा लोक बायसनच्या कळपांमागून फिरतात, ऋतूप्रमाणे मुक्काम हलवतात. कुठल्या खोऱ्यात कधी जायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण कुंपण नाही, नांगर नाही. म्हणजे जमीन रिकामीच की! बघा, अर्धं काम व्याख्येनेच केलं.

पुढचं काम कायद्याने केलं. १८२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, मूळ रहिवाशांना जमिनीवर राहण्याचा, ती वापरण्याचा हक्क आहे. पण अंतिम मालकी ती भूमी 'शोधणाऱ्या' राष्ट्राची. मग १८४५ मध्ये जॉन ओ'सलिव्हन या संपादकाने 'मॅनिफेस्ट डेस्टिनी' हा शब्दप्रयोग चालवला. खंडभर पसरणं हीच आपली उघड नियती, असा त्याचा आशय. नियती म्हटलं की जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

तरीही अमेरिकेने सगळी जमीन निव्वळ बंदुकीने घेतली, असं म्हणणं अपुरं ठरेल. तिने शेकडो करार केले. आणि करार करायचा म्हणजे समोरच्याला पक्षकार मानावं लागतं. एकीकडे 'तुम्ही मालक नाही' म्हणायचं आणि दुसरीकडे त्याच जमिनीसाठी त्यांची सही मागायची, ही विसंगती या साऱ्या इतिहासात आहे.

ती सर्वांत स्पष्ट दिसते ब्लॅक हिल्सच्या बाबतीत. १८६८ च्या फोर्ट लॅरमी कराराने हे डोंगर सू लोकांसाठी राखून ठेवले गेले. लकोटा हे त्यांच्यातलेच. प्रौढ पुरुषांपैकी तीन चतुर्थांश जणांच्या सह्यांशिवाय यातली जमीन देता येणार नाही, असं कलमही घातलं. १८७४ मध्ये कस्टरची लष्करी मोहीम तिथे गेली आणि सोनं सापडल्याची बातमी आली. खाणवाल्यांची रीघ लागली. सरकारने डोंगर विकत मागितले, जमलं नाही. १८७६ साली लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर मारला गेला. त्यानंतर काँग्रेसने ठरवलं की, डोंगर सोडल्याशिवाय शिधा मिळणार नाही. बायसन संपत चालले होते, लोक शिध्यावर जगत होते. तरी सह्या मिळाल्या त्या जेमतेम दहा टक्के. १८७७ मध्ये कायदा करून डोंगर घेतलेच.

इथे आपला एक धागा जुळतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, कृष्णवर्णीयांना गुलामीतून सोडवल्याबद्दल. ते कौतुक रास्तच होतं. पण पुढच्याच वर्षी कस्टर ब्लॅक हिल्समध्ये शिरला. एकच राष्ट्र एका दाराने न्याय आत आणतं आणि दुसऱ्या दाराने बाहेर घालवतं, हे आपण दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं पाहिजे.

खटला चालत राहिला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की, जमीन योग्य मोबदल्याविना घेतली गेली. मूळ किंमत एक कोटी एकाहत्तर लाख डॉलर. व्याजासह साधारण साडेदहा कोटी. सू लोकांनी ते पैसे घेतले नाहीत. आज व्याजाने ती रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. आणि हे लोक श्रीमंत नाहीत बरं का. पाइन रिजसारख्या त्यांच्या वस्त्या अमेरिकेतल्या अत्यंत गरीब भागांत मोडतात.

मग नकार का? कारण पैसे घेतले की विक्री पुरी होते. जी विक्री त्यांनी कधी केलीच नाही, तिची पावती ते कशी देणार? न्यायालयाचा प्रश्न होता, 'किंमत किती?' त्यांचा प्रश्न आहे, 'विकायला काढलं होतं कुणी?'

यावर कुणी म्हणेल, लकोटांनीही आधी तिथून इतर जमातींना हटवलंच होतं ना? खरं आहे. ते काही स्वर्गातले देवदूत नव्हते. पण समोरच्याचा भूतकाळ काढून आपण केलेला करार मोडता येत नाही. वचन त्याच्या योग्यतेवर नसतं, आपल्या सहीवर असतं.

भरपाई आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपाई घेऊन माणूस मोकळा होऊ शकतो. पण तसं मोकळं व्हायचं की नाही, हे ज्याचं गेलं त्याने ठरवायचं असतं. देणाऱ्याने नव्हे. लॉक आता पुन्हा उघडून बघा. 'पडीक' हा शब्द आला की जरा थांबा आणि विचारा, कुणाच्या दृष्टीने?